रेझिनची बाहुली एका बाजूने पिवळी पडली आहे, मूळ रंग परत आणता येईल का?

शिलाईवाली_खणभाग

नमस्कार मंडळी. सांगलीत खणभागात माझं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकानाच्या काचेत एक बाहुली उभी असते, तिचं नाव यमू. साधी बाहुली नव्हे, सांध्यांची. मान, खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे सगळीकडे गोळे बसवलेत आणि आतून इलॅस्टिक ओढलंय, त्यामुळे कमरेवर हात ठेवून ती दिवसभर ताठ उभी राहते. उंची दोन फुटांच्या आसपास. नणंदेची लेक कोरियात शिकायला होती, तिने येताना आणली. मी तिला खणाची चोळी आणि नऊवारी नेसवते, हंगाम बदलला की कापड बदलते. तिच्या अंगावरचं बघून गिऱ्हाईक आत येतं, म्हणजे ती शोभेपुरती नाही, कामाची आहे.

दुकान पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपार कलली की ऊन थेट काचेवर. यमूचा उजवा गाल आणि उजवा हात काचेकडे, डावी बाजू कापडांच्या कप्प्याकडे. आता उजवीकडून बघितलं तर एक बाहुली आणि डावीकडून बघितलं तर दुसरी. परवा चोळी बदलायला काढली तर दंडावर बाहीची रेघ उमटलेली. रेघेच्या वर मूळचा गुलाबीसर रंग तसाच, रेघेखाली पिवळट. बोटांची टोकं तर जास्तच. भांड्यांच्या साबणाने धुतली, टूथपेस्ट लावून मऊ ब्रशने घासली, ढिम्म फरक नाही.

येणाऱ्या बायका आता विचारायला लागल्यात, "ताई, हिला कावीळ झाली का हो?" हसण्यावारी नेते, पण माप देताना पण त्या तिच्याकडेच बघत असतात. शिवाय गौरीच्या आराशीत ती मधोमध असते. गौरी यायच्या आत काही होईल का? मला कापड कळतं, प्लास्टिक कळत नाही, तेव्हा काय घ्यायचं, कुठे मिळतं आणि कशाने वाटोळं होईल हे नीट फोडून सांगा. दोन ओळींत उरकू नका.

जुना_कीबोर्ड_सातारा

ताई, हे आमचं रोजचंच आहे. पोवई नाक्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. जुने की-बोर्ड, माउस, मॉनिटरचे डबे असेच पिवळे पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचं. मेडिकलमध्ये ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. पार्लरच्या सामानात १२ टक्क्यांचं क्रीम मिळतं, ते जास्त जोरदार. ब्रशने जाड थर लावायचा, वर स्वयंपाकघरातला चिकटणारा पातळ प्लास्टिक कागद गुंडाळायचा म्हणजे वाळत नाही, आणि गच्चीवर उन्हात ठेवायचं. मधेमधे फिरवायचं, नाहीतर पट्टे पडतात. २००८ च्या सुमारास जुन्या कॉम्प्युटरच्या नादिष्ट लोकांनी ही युक्ती काढली, आता जगभर वापरतात. हातमोजे मात्र घाला, कातडी पांढरी पडून चुरचुरते.

यार्डातला_हळदवाला

सांगलीत बसून पिवळ्या रंगाला घाबरता होय! हळद बसली नसेल कशावरून? आमच्या यार्डात सकाळी पांढरा शर्ट घालून आलेला माणूस संध्याकाळी पिवळा होऊन घरी जातो. परीक्षा सोपी आहे. कपड्याचा साबण ओला करून एका कोपऱ्यात लावा. हळद असेल तर जागा लाल होईल, तुम्हाला सांगायला नको, लग्नसराईतले किती ब्लाउज तुमच्या हाताखालून गेले असतील. आणि हळदीचा डाग उन्हात उडतो. तुमचा उन्हातच वाढलाय म्हणता, तर हळद नसावी. पण साबण लावून बघा, पैसे पडत नाहीत.

बाहुलीघर_मिरज

ताई, ती पेरॉक्साइडची बाटली आणली असेल तर बाजूला ठेवा.

मी मिरजेत दातांच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर कवळ्या घासायच्या आणि चकाकवायच्या, त्यामुळे प्लास्टिक घासण्याबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये. घरी माझ्या स्वतःच्या सांध्यांच्या बाहुल्या आहेत, त्यातल्या दोन दुसऱ्याकडून घेतलेल्या, पिवळ्याच आल्या.

साताऱ्याच्या दादांनी सांगितलं ते की-बोर्डसाठी खरं आहे. की-बोर्ड एबीएस नावाच्या प्लास्टिकचा. तुमची यमू बहुधा पॉलियुरेथेन रेझिनची. दोन पातळ द्रव मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओततात, ते आपोआप घट्ट होतं. त्यातल्या एका द्रवात आयसोसायनेट असतं, आणि स्वस्तात जे सहसा वापरतात त्याच्या रेणूत बेन्झीनसारखी कडी असते. त्या कडीवर अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन यांनी मिळून काम केलं की तिथे पिवळा रंग असलेली नवी रसायनं तयार होतात. म्हणजे पिवळेपणा यमूच्या अंगावर बसलेला नाही. तिचं अंगच तेवढं बदललंय. म्हणून साबण, टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा, कशानेच जाणार नाही. काही कारखाने रेझिनमध्ये किरणांना अडवणारं रसायन घालतात, त्याने वेळ वाढतो, थांबत नाही.

पेरॉक्साइडची युक्ती चालायला ऊन लागतं. आणि यमूला पिवळं कुणी केलं? उन्हानेच. एबीएसवर नफा जास्त होतो म्हणून परवडतं. पॉलियुरेथेनवर त्याचा भरवसा नाही, डाग पडून गेलं तर दोन रंगांची बाहुली तीन रंगांची व्हायची.

आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, डोक्याची टोपी काढा. केसांचा विग उचलला की कवटीचा मागचा तुकडा दिसेल, बहुतेकांत तो लोहचुंबकाने चिकटलेला असतो, अलगद ओढला की निघतो. आतली बाजू बघा. तिथे ऊन कधी पोचलेलं नसतं, तो यमूचा जन्माचा रंग. तो तुकडा गालाशेजारी धरून खिडकीच्या उजेडात बघा म्हणजे फरक किती आहे ते कळेल. दुसरी, तिच्या चेहऱ्यावर भुवया, ओठ रंगवल्यावर वरून मॅट फवारा मारलेला असतो. कधीकधी तो थरच पिवळा पडलेला असतो, खालचं रेझिन बरं असतं. मानेच्या मागे, केसांत झाकली जाईल अशा जागी कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. कापूस पिवळा झाला तर नशीब चांगलं. नेलपेंट रिमूव्हर वापरू नका, त्यातलं ॲसिटोन पृष्ठभाग चिकट करून टाकू शकतं.

थरामुळे नसेल तर घासणं हा एकच मार्ग वरचं पिवळं काढतो. हार्डवेअरमध्ये जाऊ नका, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात जा, तिथे वॉटर पेपर मिळतो, काळा असतो. ६०० नंबरचा आणि १००० नंबरचा. बाहुली सुटी करायची, प्रत्येक भाग पाण्याच्या भांड्यात धरून ओल्या कागदाने गोलगोल घासायचं. दाब अजिबात नको. कोरडं घासायचं नाही म्हणजे नाही. ती पूड फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, म्हणून पाण्यात घासतानाही एन-९५ मास्क लावा. पाणी मोरीत ओतू नका, भांड्यात गाळ बसू द्या, जुन्या कापडातून गाळा, कापड कचऱ्यात टाका.

१००० च्या पुढे जाऊ नका. आमच्या कवळ्या चकाकल्या पाहिजेत, बाहुली चकाकली तर ओली दिसते. आणि सगळीकडे शेवटचा कागद एकच वापरा, नाहीतर हात मॅट आणि दंड चमकदार.

चेहरा घासू नका. नाकाचं टोक, पापणीची कड, ओठांमधली रेघ ह्या अर्ध्या मिलिमीटरच्या गोष्टी असतात. एकदा गेल्या की ती यमू राहत नाही, तिची चुलत बहीण होते. सांध्यांचे गोळे पण सोडा. गोळा बारीक झाला की ती कमरेवर हात ठेवणार नाही, हात खालीच पडेल.

आणि हे ऐकून घ्या. घासून निघालेला नवा पृष्ठभाग उद्यापासून परत पिवळा पडायला लागतो. त्याच काचेत परत ठेवणार असाल तर दर काही वर्षांनी यमू थोडी थोडी बारीक होत जाणार.

शिलाईवाली_खणभाग

मिरजवाल्या ताई, इतकं सांगितलंत, आभार. टोपी काढली. आतून अगदी कोवळा गुलाबी रंग निघाला. आम्ही दोघी बघतच राहिलो, म्हणजे मी आणि माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी. यमू अशी होती हे मी विसरूनच गेले होते. मानेमागे अल्कोहोल लावलं, कापूस स्वच्छ. साबणाची परीक्षा पण केली, लाल नाही झालं, तेव्हा यार्डवाल्या दादांची हळद सुटली.

दोन शंका. पांढरे कपडे पिवळे पडले की आपण नीळ घालतो. यमूला निळीच्या पाण्यात बुडवली तर? आणि चेहरा घासायचा नाही तर मग हात गोरे आणि उजवा गाल पिवळा असंच दिसणार ना? ते आत्तापेक्षा वाईट.

इलॅस्टिकचं मात्र मला सांगू नका, ते माझ्याकडे आहे! सुटी करते म्हटल्यावर नवं घालीन. किती जाड?

बाहुलीघर_मिरज

नीळ पिवळेपणा काढत नाही. पिवळ्यावर निळसर छटा टाकली की डोळ्याला पांढरं भासतं. पण कापडात ती धाग्यांच्या मधे अडकून बसते, रेझिनला धागे कुठून आणायचे? खरवडलेल्या जागी बसेल, गुळगुळीत जागी निसटेल. पॉलिएस्टरसाठीचे गरम पाण्यातले रंग वापरून लोक रेझिनची बाहुली रंगवतात, ते खोलवर धरतात. जांभळ्या रंगाची किंचित छटा दिली तर पिवळेपणा दबतो, पण सगळी बाहुली एक पायरी काळवंडते, आणि तुमची तर अर्धीच पिवळी आहे. शिवाय रेझिन गरम पाण्यात मऊ होतं. वाकडा झालेला हात सरळ करायला आम्ही तेच वापरतो, म्हणजे सरळ हात वाकडा पण होऊ शकतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने यात पडू नये.

इलॅस्टिक गोल घ्या, पायांना ४ मिलिमीटर, हातांना ३. चपटं नको, सांध्यात पीळ पडतो. सुटी करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कुठला आकडा कुठे अडकवलाय त्याचे.

चेहऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण तुम्हाला आवडेल का नाही माहीत नाही. थांबते, बाकीच्यांचं ऐकू.

जुना_कीबोर्ड_सातारा

बरं झालं मिरजवाल्या ताई बोलल्या. एबीएस आणि रेझिन यात एवढा फरक असेल हे डोक्यात नव्हतं. यमूला गच्चीवर पाठवू नका. पण माझ्या की-बोर्डवर कुणी शंका घेऊ नये, ते खरंच पांढरेशुभ्र होतात.

बार्बीप्रेमी_कराड

मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून बघा. माझ्या बार्बीच्या पायावरचा पेनाचा डाग त्यानेच गेला, उन्हात ठेवून.

बाहुलीघर_मिरज

बार्बी व्हिनाइलची, आणि तुमचा तो शाईचा डाग, बाहेरून आलेला. इथे डाग नाहीच आहे. यमूवर नको.

वाईचा_चित्रकला_मास्तर

बाहुल्यांतलं कळत नाही, रंगांतलं कळतं. शाळेत मुलांना एक प्रयोग करून दाखवतो. राखाडी रंगाचे दोन सारखे चौकोन घ्यायचे, एक निळ्या कागदावर, एक पिवळ्यावर. निळ्यावरचा पिवळट दिसतो, पिवळ्यावरचा निळसर. चौकोन तेच, शेजार बदलला.

शिलाईवाल्या ताई, यमूला सध्या काय नेसवलंय? जांभळा, निळा, मोरपंखी असेल तर तुम्हीच तिला जास्त पिवळी करताय. तिच्या गळ्याशी लिंबू, केशरी, गडद पिवळा असा कपडा आणा. तिच्यापेक्षा पिवळं काही शेजारी आलं की तीच गोरी दिसेल. नववधूला हळदीच्या रंगाची साडी शोभते, त्यात काही अंशी हेही असणार. आणि पूर्ण पांढरा कपडा तर अजिबात नको, तुलना लगेच होते.

शिलाईवाली_खणभाग

मास्तर! यमू गेले कित्येक महिने मोरपंखी इरकलीत उभी होती, काठ जांभळा. आत्ताच कात्रीखालचे तुकडे घेऊन एकेक तिच्या हनुवटीखाली धरून बघितले. मोरपंखी धरला की गाल पिवळा. लिंबू रंगाचा खण धरला, ज्याला कुणी हात लावत नाही म्हणून दोन वर्षं ठाण पडून आहे तो, आणि गाल एकदम निवळला. शिकाऊ मुलगी म्हणाली, "ताई, हिला पावडर लावली का?" ठाण विकलं जाईल आता.

पण दोन गालांचा फरक राहतोच. समोरून बघितलं की नाकाच्या उजवीकडे वेगळं, डावीकडे वेगळं. मिरजवाल्या ताई, ते तुमचं उत्तर सांगून टाका.

बाहुलीघर_मिरज

सांगते. उजवा गाल गोरा करायच्या मागे लागू नका. डावा पिवळा करा.

हसू नका. पिवळं झालेलं रेझिन मागे येत नाही, पण गोऱ्यावर रंग चढवता येतो, आणि चुकला तर पुसता येतो. मी माझ्या एकीला असंच केलं. सगळा चेहरा गव्हाळ झाला, पण एकसारखा गव्हाळ. लोकांना गव्हाळ खटकत नाही, ठिगळ खटकतं, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

कोरडे पेस्टल खडू घ्या, लहान मुलांचे तेलकट खडू नकोत. पिवळी माती, किंचित गुलाबी, किंचित तपकिरी. ब्लेडने खरवडून बशीत पूड करा. टोपीचा आतला तुकडा आणि उजवा गाल समोर ठेवून त्या दोन्हींच्या मधली छटा मिसळा, पूर्ण उजव्यासारखी नको. ओठ-भुवया टिकवायच्या असतील तर आहे त्या मॅट थरावरच पूड लावा, मऊ, रुंद ब्रशने, थोडीथोडी, झटकून. डाव्या गालावर जास्त, नाकाजवळ येईपर्यंत विरत न्यायची. उजव्या गालावर फक्त गुलाबी, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींकडे येतात. मग वरून मॅट फवारा, म्हणजे पूड बसते. अतिनील किरण अडवणारा मिळतो, तोच घ्या, पुढचं पिवळं पडणं हळू होईल. मिस्टर सुपर क्लिअरचा एक प्रकार तसा आहे, छंदाचं सामान विकणाऱ्यांकडून ऑनलाइन येतो.

फवाऱ्याला एन-९५ चालत नाही. तो धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. रंगकाम करणारे दोन बाजूंना डब्या असलेला मास्क लावतात, तो घ्या किंवा शेजारच्या रंगाऱ्याकडून मागून आणा. आणि पावसाळी दमट हवेत मारू नका, वर पांढरट धुकट थर धरतो. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे चार-पाच दिवस उघडीप मिळतेच, त्यात दुपारची कोरडी वेळ बघा. मारायच्या आधी एका फुटलेल्या प्लास्टिकच्या डब्यावर मारून बघा. धुकं नाही धरलं तर यमूवर.

हातांचं तुमच्यावर सोडते. बोटांवर घासणं किचकट असतं, पण मनगटापासून बाहीपर्यंत हलकं घासून घेतलंत तर रेघ जाते. किंवा लांब बाहीची चोळी शिवा, शिवणारी तुम्हीच आहात.

जुना_कीबोर्ड_सातारा

काचेला फिल्म लावा ना. गाडीच्या काचेला लावतात तसली, पण पारदर्शक, अतिनील किरण अडवणारी. साधी काच त्यातले सगळे किरण अडवत नाही, बरेच आत येतात. एवढा खटाटोप करून परत त्याच उन्हात उभी केली तर काय उपयोग?

बाहुलीघर_मिरज

दादा आता बरोबर बोलले. आणि काचेतली ट्यूबलाइट काढून एलईडी लावा, एलईडीतून अतिनील जवळजवळ येतच नाही. रविवारी दुकान बंद असताना यमूला काचेतून काढून कपाटात ठेवा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत नको, तिथे अंधार असला तरी एप्रिल-मेमध्ये भट्टी असते, आणि रेझिन उष्णतेनेही पिवळं पडतं, फक्त सावकाश.

शिलाईवाली_खणभाग

ठरलं. हात घासणार नाही. लिंबू खणाची कोपरापर्यंतची चोळी कापून ठेवली आहे, रेघ त्यात झाकली जाते. चेहऱ्याला पेस्टल, उघडीप मिळाली की. वॉटर पेपर आणायला गेले होते गाड्यांच्या रंगाच्या दुकानात, ते आता पेटीत जाईल. दुकानदाराने विचारलं, "ताई, कुठली गाडी?" म्हटलं, यमू. त्याने बिलावर 'यमू' लिहिलं.

एकच राहिलं. नखं मूळची गुलाबी रंगवलेली आहेत, उजव्या हाताची आता नारिंगी दिसतात. त्यावर पेस्टल चालेल का?

बाहुलीघर_मिरज

नखांवर पेस्टल टिकत नाही, हात सारखा लागतो तिथे. आधी पिनेच्या टोकाएवढा कापूस अल्कोहोलमध्ये बुडवून एका नखावरचा रंग उतरतो का ते बघा, अंगठ्याचं घ्या, ते आत दुमडलेलं असतं. उतरला तर ॲक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून एकच हात, आणि वरून तोच फवारा. डाव्या हाताची पण त्याच वाटीतून करा, नाहीतर परत दोन रंग.